क्रिमियाचा सातबारा

क्रिमिया मुळात रशियाचाच, असे म्हणणाऱ्यांची वही १७८३ साली उघडते. त्या वर्षी सम्राज्ञी कॅथरीनने काळ्या समुद्रातले हे द्वीपकल्प साम्राज्याला जोडले. पण घेतले कोणाकडून? तीनशेहून अधिक वर्षे तिथे राज्य केलेल्या गिराय घराण्याच्या तातार खानांकडून. शिवाय जेमतेम नऊ वर्षांपूर्वी, १७७४ च्या तहात, ही खानशाही स्वतंत्र राहील असे रशियाने मान्य केले होते. म्हणजे ज्या तारखेवर हक्क उभा करायचा, तीच शब्द मोडल्याची तारीख. सातबारा मागे न्यायचाच, तर आपल्या सोयीच्या फेरफारापाशी थांबून चालत नाही. आणि पुरता मागे नेला, तर तातारांच्याही पलीकडे जेनोआचे व्यापारी आणि ग्रीक वसाहती निघतात. इतिहासातून मालकी ठरत नाही, ती ठरते अलीकडच्या करारमदारांतून.

यावर ठरलेले उत्तर येते: १९५४ साली ख्रुश्चेव्हने क्रिमिया युक्रेनला भेट देऊन टाकला. भेट हा शब्द चटकदार आहे खरा, पण तो हुकूम सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचा होता आणि त्यात आर्थिक संबंध व भौगोलिक सलगता ही कारणे दिली होती. ती निव्वळ कागदी नव्हती. क्रिमिया जमिनीला जोडलेला आहे तो पेरेकोपच्या चिंचोळ्या पट्टीने, युक्रेनशी. रशियाच्या बाजूला केर्चची सामुद्रधुनी आडवी येते. पुढे शेतीला पाणी आले तेही नीपर नदीचे, युक्रेनमधून कालव्याने. लोकांना विचारले नाही, हा आक्षेप खरा. पण सोव्हिएत संघात लोकांना विचारत होते कुठे? आणि युक्रेनने अण्वस्त्रे सोडली तेव्हा, १९९४ मध्ये बुडापेस्टला, त्याच्या सीमांचा आदर करण्याची हमी रशियानेच दिली. १९९७ च्या मैत्री करारात ती पुन्हा मान्य केली.

सर्वांत वजनदार आक्षेप आजच्या रहिवाशांचा. २००१ च्या जनगणनेत तिथे सुमारे ५८ टक्के रशियन होते. त्यांच्या इच्छेला किंमत नाही का? आहे. मात्र हे बहुमत एवढे मोठे होण्यामागे मे १९४४ आहे. स्टालिनने तेव्हा काही दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार तातारांना मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात धाडले. मोठ्या संख्येने परतायला त्यांना १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. याचा दोष आजच्या रशियन रहिवाशांवर नाही, पण त्यातून आलेला लाभ पुरावा म्हणून मांडताही येत नाही. तरीही बहुमतच प्रमाण मानू. १ डिसेंबर १९९१ ला क्रिमियातल्या ५४ टक्के मतदारांनी स्वतंत्र युक्रेनला कौल दिला होता. त्याउलट रशियात सामील होण्यावरचे १६ मार्च २०१४ चे मतदान झाले ते बिल्ले नसलेल्या सैनिकांच्या पहाऱ्यात, आणि आहे तसेच राहू द्या असा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. दोन वर्षांनी तातारांची प्रतिनिधी संस्था मेजलिस अतिरेकी ठरली आणि तिच्यावर बंदी आली.