उपासाचे दाणे

गेल्या आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली होती. सुटीवर घरी आलेल्या मुलीने दाण्याच्या कुटाकडे पाहून विचारले, "आई, हे जीएमओ तर नाहीत ना?" "छे गं, साधे शेंगदाणे आहेत," असे मी म्हणाले खरे, पण मनात चुकचुकले.

भारतातले शेंगदाणे तितकेसे 'साधे' नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून नवे वाण तयार करण्यात आले. टीजी-१ हे वाण १९७३ साली आले. १९९१ चे टीएजी-२४ हे अशाच बदललेल्या वाणांच्या संकरातून निघाले. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. किरणांनी बियांमधला डीएनए तुटतो आणि पुन्हा जुळताना त्यात चुका राहतात. बरीच रोपे मरतात, खुरटतात. पुढच्या पिढीतल्या हजारो रोपांत एखादे ठेंगणे, लवकर तयार होणारे किंवा टपोऱ्या दाण्याचे सापडते. बाकी सगळी टाकून द्यायची. दाण्यात किरणोत्सार मुळीच उरत नाही, ती भीती नको.

आपल्या इथल्या दुकानातले लालचुटूक 'रिओ रेड' ग्रेपफ्रूटही त्यातलेच. कलमाच्या काड्यांवर न्यूट्रॉन सोडून मिळालेले हे वाण १९८४ साली टेक्सासात आले. अमेरिकेत २०२२ पासून जनुक-अभियांत्रिकीच्या अन्नावर तशी नोंद सक्तीची आहे. किरणांनी बदललेल्याला ती लागत नाही. म्हणजे एकच जनुक जाणूनबुजून घातले तर सांगायचे आणि आंधळेपणाने कितीही बदल घडवले तर गप्प बसायचे!

'निसर्गातही असे बदल होतातच' हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण मला पुरत नाही. निसर्गात दुष्काळही पडतो, म्हणून तो कोणी मुद्दाम आणावा का? आणि शुद्धतेचा आग्रह तरी आपण कोणत्या तोंडाने धरायचा? भुईमूग, बटाटा, मिरची, साबुदाण्याचा कंद, हे सगळे अमेरिका खंडांकडून गेल्या पाचशे वर्षांत आलेले. उपासाचे अर्धे ताट परदेशी!

माझे मन निवते ते वेगळ्याच गोष्टीने. भुईमूग स्वपरागित आहे. शेतकरी घरचेच दाणे राखून पुढच्या वर्षी पेरू शकतो. २००२ साली भारतात मान्यता मिळालेला बीटी कापूस बहुतेक संकरित, त्याचे बियाणे दर हंगामाला विकत घ्यावे लागते. माझा राग जनुकावर होता की या व्यवहारावर? उद्या कोणी जनुक बदललेले, पण घरी राखता येणारे बियाणे शेतकऱ्याच्या हाती दिले, तर मी कशाच्या आधारावर नाही म्हणणार? प्रामाणिकपणे सांगते, खाणाऱ्याला ते आधी सांगा, एवढेच म्हणता येईल.

रात्री हे सगळे मुलीला सांगितले. ती म्हणाली, "मग ट्रॉम्बेच्या दाण्यांचं खाणाऱ्यांना कुणी सांगितलं होतं?"

मला तरी कुणी सांगितले नव्हते. आणि दुपारी तिने विचारले, तेव्हा मीही सांगितले नव्हते.