ड्यूटी चार्ट करणाऱ्या कारभाऱ्यांनो



मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी मजूर शोधायला पाच वेळा बाहेर पडतो : पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला. त्या धन्याच्या औदार्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. परंतु मजुरी वाटायची वेळ येते तेव्हा धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावतो. हा कारभारी एका वाक्यापुरता येतो आणि जातो. धनी कितीही उदार असो, दीनार मजुराच्या हातावर पडतो तो कारभाऱ्याकडून. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांचे पडलेले चेहरेही आधी त्यालाच दिसले असणार.

आपल्या धर्मग्रामात असे कारभारी पुष्कळ आहेत. कोणी वालीव-सातिवलीच्या कारखान्यात सुपरवायझर, कोणी मुंबईच्या हॉटेलात किचनचा किंवा हाउसकीपिंगचा इन्चार्ज. दर आठवड्याला ते एक कागद तयार करतात : ड्यूटी चार्ट. पहिली पाळी कोणाला, दुसरी कोणाला, रात्रपाळी कोणाला, ऑफ कोणत्या वारी. मालकाला तो माणसांचा हिशेब वाटतो. परंतु कोणते मूल या रविवारी बापाचे बोट धरून मिस्सेला येणार आणि कोणती आई रात्रपाळीहून येऊन डोळा न लावता डबे भरणार, हे त्या कागदावर ठरते.

पाळी ही काही गिरण्यांनी आणलेली गोष्ट नव्हे. मंदिराच्या लाकडासाठी शलमोन राजाने 30,000 माणसे लावली. दर महिन्याला 10,000 जण लबानोनात जात. एक महिना तिथे, दोन महिने घरी (1 राजे, अध्याय 5). कागदावर पाहिले तर हा चार्ट आजच्या कित्येक कंपन्यांपेक्षा बरा! तरीही ती बेगार होती. पुढे लोकांनी त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे गाऱ्हाणे नेले, जू हलके करा. वडीलधाऱ्यांचा सल्ला डावलून त्याने, ते आणखी जड करीन, असे सुनावले. लोक उठले आणि बेगारीवर नेमलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी दगडमार करून ठार केले. राजा रथात बसून निसटला. मेला तो मुकादम. वरचा हुकूम खाली पोहोचवणाऱ्या प्रत्येकाने 1 राजे, अध्याय 12 एकदा शांतपणे वाचावा.

त्याच मंदिराच्या द्वारपाळांनी कोणत्या दारावर उभे राहायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. घराणे लहान असो की मोठे, चिठ्ठी सारखीच (1 इतिहास, अध्याय 26). ही रीत आजही चालण्यासारखी आहे. सणाची सुटी मागच्या वर्षी कोणाला मिळाली हे वहीत लिहून ठेवावे, आणि पेच पडला तर चिठ्ठी टाकावी. नाहीतर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. गोड बोलणारा दर रविवारी घरी, आणि जो तोंड उघडत नाही त्याच्या नावापुढे सलग तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी. ख्रिस्ती सुपरवायझरने आपल्याच पोरांना नाताळची सुटी वाटावी, असे मी म्हणत नाही. त्याने दिवाळीला आणि ईदला स्वतः उभे राहावे. मग नाताळच्या रात्री त्याची जागा घ्यायला माणूस शोधावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. रात्री अकराला दुसरी पाळी सुटलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या पाळीत बोलावू नका. चार्टवर आठ तासांची विश्रांती दिसते. परंतु मुंबईहून लोकल पकडून वसई, तिथून गाव, जेवण, यात एक वाजतो. पहाटे साडेचारला तो पुन्हा उठलेला असतो. पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून रात्रीच्या पाळीत जाणे शरीराला त्यामानाने सोपे जाते. उलट्या क्रमाने फिरवले तर झोप मोडते. मग यंत्रावर बोट जाते, कढई हातातून निसटते, आणि रिपोर्टमध्ये लिहिले जाते की कामगाराचा निष्काळजीपणा.

कायदाही विसरू नये. जादा कामाला दुप्पट मजुरी, हे 1948 च्या कारखाना कायद्यातील तत्त्व 2020 च्या नव्या संहितेतही कायम आहे. ते तास वहीतून गाळणे ही चोरीच होय. करणारा मिस्सेत वाचन करीत असला तरीही.

कामगारांनाही सांगायचे आहे. आपला रिलिव्हर आला नाही की डबल करावी लागते, हे तुम्ही भोगले आहे. मग न कळवता दांडी मारताना तुमच्या यंत्रापाशी उभा असलेला सोबती आठवावा. चार्ज देताना बिघाड लपवून निघून जाणे हाही त्यातलाच प्रकार.

हॉटेले रविवारी बंद ठेवा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. 1992 च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात उपाहारगृहांचा उल्लेखच आहे : काहींना रविवारी काम करावे लागते, परंतु विश्रांतीला आणि उपासनेला वेळ मिळावा, ही जबाबदारी मालकांवरही आहे. ज्यांचा रविवार कामात जातो त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला यावे. 1983 च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार ती रविवारची मिस्सा म्हणून धरली जाते. कामाचा युनिफॉर्म अंगात असला तरी संकोच नको.