फ्री आहेस का? (गीता १२.१५)



आजचं चिंतन बाराव्या अध्यायातल्या १५ व्या श्लोकावर. भक्तियोगाचा हा अध्याय अवघ्या २० श्लोकांचा, त्यामुळे रोज एक श्लोक घेत घेत आपण शेवटाजवळ येऊन पोहोचलो आहोत. आजच्या श्लोकाचा साधा अर्थ असा: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांमुळे उद्वेग होत नाही, जो हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग यांतून मुक्त आहे, तो मला प्रिय आहे, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. अमर्ष म्हणजे दुसऱ्याचं बरं झालेलं न सोसणं, आतल्या आत धुमसणं.

यातले दोन शब्द आज घट्ट धरून ठेवा. ‘मुक्त’ आणि ‘प्रिय’. त्यांच्याकडे आपण जरा लांबच्या वाटेने जाणार आहोत, एका इंग्रजी शब्दावरून. तो शब्द तुम्ही आज सकाळपासून निदान दोनदा तरी वापरला असेल. फ्री.

“संध्याकाळी फ्री आहेस का?” म्हणजे वेळ आहे का. “एकावर एक फ्री” म्हणजे पैसे पडणार नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावर ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखर नाही. “ही सीट फ्री आहे का?” म्हणजे कोणी बसलेलं नाही ना. “मी तिच्याशी एकदम फ्री आहे” म्हणजे मनमोकळं बोलता येतं. आणि “मला फ्री राहायचंय” म्हणजे कुणाचं बंधन नको. मराठीत यासाठी मोकळा, फुकट, बिनसाखरेचं, रिकामी, मनमोकळं, मुक्त असे वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत सगळ्यांचा भार एकाच शब्दावर.

त्यामुळे घोळही होतात. तुमच्यातल्या आयटीवाल्यांना रिचर्ड स्टॉलमन माहीत असतील. १९८३ मध्ये त्यांनी ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून त्यांना ‘फ्री सॉफ्टवेअर’चा अर्थ समजावून सांगावा लागतोय, की इथे प्रश्न किमतीचा नसून वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आहे. आपण सरळ ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणतो आणि मोकळे होतो.

आता वरची उदाहरणं पुन्हा एकदा बघा. मनमोकळेपणाचं एक सोडलं, तर सगळीकडे काहीतरी ‘नाही’ आहे. काम नाही, पैसे नाहीत, साखर नाही, माणूस नाही, बंधन नाही. हळूहळू आपल्या मनात मुक्तीचा अर्थही तसाच बसतो. एकेक गोष्ट वजा करत जायची आणि शेवटी उरतं ते स्वातंत्र्य.

मध्यंतरी एका वाचक मैत्रिणीचा मेसेज आला. नोकरीसाठी शहर बदललं, एकटीने फ्लॅट घेतला, घरच्यांच्या रोजच्या चौकशा थांबवल्या. तिने लिहिलं होतं, “ताई, आता किती वाजता आलीस असं कोणी विचारत नाही. पण आता खरंच कोणी विचारत नाही.” पहिल्या वाक्यात सुटका आहे आणि दुसऱ्यात पोकळी. शब्द जवळजवळ तेच.

हा मेसेज डोक्यात असतानाच मी ‘फ्री’चं मूळ शोधलं. भाषांच्या अभ्यासकांनी संस्कृत आणि युरोपातल्या बऱ्याच भाषा एकाच कुळातल्या मानल्या आहेत. संस्कृतातला सुरुवातीचा ‘प’ इंग्रजीत बहुधा ‘फ’ होऊन भेटतो. पितृ तिकडे फादर, पूर्ण तिकडे फुल, पद तिकडे फूट. मग ‘फ्री’चा इकडचा भाऊ कोण? तर ‘प्रिय’! दोन्ही एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ होता लाडका, जिव्हाळ्याचा. ‘फ्रेंड’ हा शब्दही त्याच गोतावळ्यातला, प्रेम करणं या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून आलेला.

लाडक्याचा स्वतंत्र कसा झाला? याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं: त्या काळच्या घरात दोन प्रकारची माणसं असायची. गुलाम, आणि घरची म्हणजे जिव्हाळ्याची माणसं. जो घरच्यांपैकी, तोच स्वतंत्र. ज्याला कोणी नाही तो फ्री, असा अर्थ मुळात नव्हताच. जो कुणाचा तरी आहे, तो फ्री.

म्हणून आजच्या श्लोकापाशी मी थबकले. मुक्त आणि प्रिय, इंग्रजी शब्दाचे नवे-जुने दोन्ही अर्थ, इथे एकाच ओळीत शेजारी बसलेत. भगवंत मुक्ताचं वर्णन करतात आणि शेवट करतात तो ‘मला प्रिय’ असा. १४ व्या श्लोकापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत हा ‘प्रिय’ पुन्हा पुन्हा येतो. आणि त्या जुन्या घरासारखी इथे जन्माची अट नाही. या श्लोकांत कुळ विचारलेलं नाही, वागणं कसं आहे एवढंच विचारलंय.

मग बंधनांचं काय? त्यांचं उत्तर १३ व्या श्लोकात येऊन गेलंय. तिथे निर्मम आणि निरहंकार हे शब्द होते. हा ‘निर्’ म्हणजे आपल्या शुगर-फ्रीमधला फ्रीच. पण काय वजा करायचं ते नीट बघा. ‘माझं-माझं’ आणि ‘मी-मी’ वजा करायचं. माणसं वजा करा असं तिथे म्हटलेलं नाही. उलट त्याच श्लोकात, निर्ममच्या अगदी आधी, मैत्री आणि करुणा आहेत. बिस्किटातली साखर काढायची, पुडा फेकून द्यायचा नाही!

ज्ञानेश्वरीत याच अध्यायात झाडाचा दृष्टांत आहे. ज्याने लावलं आणि जो तोडायला आलाय, दोघांनाही झाड तीच सावली देतं. झाडाला माणसं नकोत असं नाही, ते सगळ्यांसाठी उभं आहे. फक्त कोण काय देतं याच्या हिशेबात ते अडकलेलं नाही. ही मुक्ती.

कुणी म्हणेल, पण ताई, आमच्या घरात जिव्हाळ्याच्या नावाखाली धाकच आहे. त्यांच्यासाठीही श्लोकात जागा आहे. ज्यांतून सुटायचं त्या यादीत ‘भय’ स्पष्ट लिहिलंय. जिथे रोज भीती वाटते तिथून लांब राहायला जाणं हा भक्तीला कमीपणा नाही. मात्र श्लोकाची पहिली बाजूही तितकीच खरी: आपल्यामुळे दुसऱ्याला उद्वेग होऊ नये. आपलं स्वातंत्र्य आईच्या रात्रभराच्या काळजीवर उभं असेल, तर अजून हिशेब बाकी आहे.

त्या मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं: घर बदललंस ते ठीकच आहे, परत जा असं मी म्हणत नाही. पण “किती वाजता आलीस?” हा प्रश्न आता तू कुणाला तरी विचार. नवीन लागलेल्या एखाद्या सहकारी मुलीला, शेजारच्या आजींना, नाहीतर आईलाच. ज्या प्रश्नात धाक नाही, तो प्रश्न बंधन होत नाही.

आजचा अभ्यास: दिवसभरात कोणी “फ्री आहेस का?” असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी एक श्वास थांबा. कॅलेंडर बघायच्या आधी मन बघा. आत्ता मनात कुणाविषयी धुमसतंय का? कशाची भीती आहे का? नसेल, तर ‘हो’ म्हणा आणि त्या माणसाला तुमचा वेळ मनापासून द्या. असेल, तर आधी दोन मिनिटं नामस्मरण.

उद्या श्लोक १६ वा, ‘अनपेक्ष’. म्हणजे, एक्स्पेक्टेशन-फ्री.

रामकृष्ण हरी.