पुराची पूर्वतयारी आणि देवावरील भरंवसा

पावसाळा तोंडावर आला म्हणजे कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या कांठच्या मंडळ्यांत एक प्रश्न हटकून निघतो. जो देव चिमण्यांचीही काळजी वाहतो त्याच्यावर भरंवसा ठेवणाऱ्यानें पाणी येण्यापूर्वींच धान्य माळ्यावर चढवावें व गांठोडीं बांधून ठेवावीं, हें अविश्वासाचें लक्षण नव्हे काय? प्रश्न भोळ्या मनानें विचारलेला असतो. पण त्याचें उत्तर चुकलें तर माणसें मरतात, म्हणून त्याचा विचार येथें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

नोहानें पाऊस पडण्याआधीं तारूं बांधलें, योसेफानें दुष्काळापूर्वीं कोठारें भरलीं, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. यावर कोणी म्हणेल, "नोहाला देवानें स्वतः सांगितलें, आम्हांस कोण सांगतो?" आमचें म्हणणें असें कीं, सांगणारे आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ४० फुटांवर गेलें कीं इशारा व ४५ फुटांवर गेलें कीं धोका. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर हेच आंकडे ३९ व ४३ फूट आहेत. पाणी मोजण्याची बुद्धि माणसास ज्यानें दिली त्याचाच हा निरोप कां मानूं नये? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असें सैतानानें सुचविलें तेव्हां प्रभूनें उडी टाकली नाहीं. पित्याची परीक्षा पाहणें त्यास भरंवसा वाटला नाहीं.

परंतु खरी अडचण याच्याही पुढें आहे. "मी घर सोडणार नाहीं, देवाच्या मनांत असेल तसें होईल," असें म्हणणारा समजतो कीं आपण केवळ आपलाच जीव पणास लावीत आहों. तसें नसतें. रात्रीं त्याला छपरावरून उतरवून आणावयास कोणाचा तरी मुलगा नावेंत बसतो. ऑगस्ट २०१९ मध्यें धरणें भरत आलीं असतां घाटांत पाऊस कोसळतच राहिला व सांगलीस पाणी ५७ फुटांवर गेलें. त्या महिन्याच्या ८ तारखेस ब्रह्मनाळ येथें गांव सोडून निघालेल्या लोकांची नाव उलटली आणि स्त्रिया-मुलांसह अनेक जण बुडून मेले. त्या मृतांकडे आम्ही बोट दाखवीत नाहीं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर पाहून पुष्कळांनीं अंदाज बांधला होता. पाणी ती खूण ओलांडून गेलें. पण पाण्याच्या अगदीं शेवटच्या घटकेस निघावें लागणें किती भयंकर असतें, हें त्या दिवसानें दाखविलें. म्हणून वेळेवर निघणें हें आम्ही शेजाऱ्याचें देणें समजतों.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. शेतकरी मागें राहतो तो बहुधा हट्टानें नव्हे, तर म्हशीसाठीं. ज्याचें सारें पोट एका जनावरावर आहे त्याला व्यासपीठावरून धीराचा उपदेश करणें सोपें आहे! त्यापेक्षां कोणाचीं जनावरें कोणाच्या उंचावरील गोठ्यांत जावयाचीं, हें मंडळीनें ज्येष्ठ महिन्यांतच ठरवावें. तसेंच एकट्या राहणाऱ्या विधवा, आजारी व गरोदर बायका यांची यादी उपदेशकानें जवळ ठेवावी, आणि इशारा येतांच आपलें गांठोडें बांधण्यापूर्वीं तिकडे जावें. सातबारा, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक व मंडळीचीं बाप्तिस्म्याचीं दप्तरें प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून ठेवावीं.

पाणी ओसरल्यावर दुसरा प्रश्न उठतो, व तो अधिक वाईट असतो: अमक्याचेंच घर कां पडलें? त्याच्या घरांत कांहीं पाप असेल काय? शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्यांविषयीं असाच हिशेब लोकांनीं मनांत मांडला होता, आणि प्रभूनें तो साफ नाकारला. मातीची भिंत दोन दिवस पाण्यांत उभी राहिली म्हणजे भिजून बसते. पाणी गेल्यावरही ती पडते. आणि कित्येक गांवीं आपल्या लोकांचीं घरें ओढ्याकांठच्या सखल जागेंत कां आहेत? ती जागा त्यांच्या वाडवडिलांनीं निवडली नव्हती. उंचावर त्यांस कोणी जागा देत नव्हतें. पापाचा हिशेबच करावयाचा तर तो तेथून सुरू करावा लागेल.

घरीं परततांना भिंती तपासल्यावांचून आंत शिरूं नये, विजेचें मुख्य बटण बंद असल्याची खात्री करावी, व सांदींत साप असेल हें ध्यानांत ठेवावें. गाळ ओला आहे तोंच काढावा. पायास जखम असतां त्या पाण्यांत उतरल्यास लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. तलाठी पंचनाम्यास आले म्हणजे दोन पोतीं गेलीं असतां पांच सांगण्याचा मोह होतो. त्या वेळीं उपदेशकानें शेजारीं उभें राहावें, खोट्याला आळा घालावा, पण लाजून गप्प बसणाऱ्या गरिबाचें खरें नुकसानही लिहवून घ्यावें.

कोणी विचारतात, श्रमदान करावयाचें तर आरंभ प्रार्थनामंदिरापासून करावा काय? आमच्या मतें आधीं विहीर: सर्व गांव पाणी भरतें ती. तिचा उपसा करून ब्लीचिंग पावडर टाकावी, मग म्हाताऱ्यांचीं घरें साफ करावीं, मग आपापलीं. मंदिराची फरशी सर्वांत शेवटीं धुतली तरी चालेल. तोंपर्यंत रविवारची उपासना चिंचेखालीं भरवावी.