नामकरणाची जबाबदारी

पाथरीच्या दक्षिणेकडून वाहणारी गोदावरी समुद्राला पाणी आणि गाळ तर देतेच. पण दख्खनच्या काळ्या खडकांतून विरघळलेलें गारगोटीचें द्रव्य, म्हणजे सिलिका, हेंही ती नेते. नद्यांनीं आणलेल्या अशा द्रव्यांतूनच रेडिओलारिया नांवाचे एकपेशीय समुद्रजीव आपलीं कांचेसारखीं जाळीदार कवचें घडवितात. तीं बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या-पांचव्या हिश्शाएवढीं असतात. मध्य हिंदी महासागरांत पांच किलोमीटर खोलीवर चुन्याचीं कवचें विरून जातात. हीं मात्र पुष्कळ टिकतात, आणि हजार वर्षांत कांहीं मिलिमीटर अशा मंद गतीनें तळाशीं थर सांचत राहतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील (स्थापना १९६६) संशोधकांनीं हा चिखल वाचण्याचा उद्योग केला आहे.

परंतु वाचावयाचें तर आधीं अक्षर ओळखतां आलें पाहिजे. येथें अक्षर म्हणजे जाति. ‘चॅलेंजर’ जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत जमविलेल्या नमुन्यांवर मुख्यतः विसंबून एर्न्स्ट हेकेल यानें १८८७ सालीं चार हजारांहून अधिक जातींची नोंद केली. पुढील अभ्यासकांनीं त्यांतील पुष्कळ नांवें एकमेकांत मिळवून टाकलीं. मग जाति निसर्गांत असते, कीं आपल्या कपाटांत? नैयायिक म्हणतील, ती वस्तूंत खरोखरच वसते. बौद्ध तार्किक म्हणतील, ती केवळ बुद्धीची कल्पना.

एका उदाहरणानें हा वाद थोडा निवळतो. ‘स्टायलॅट्रॅक्टस युनिव्हर्सस’ ही जाति निरनिराळ्या समुद्रांतून सुमारे ४,२५,००० वर्षांपूर्वीं जवळजवळ एकाच वेळीं नाहींशी झाली, असें हेज व शॅकलटन यांनीं १९७६ सालीं दाखविलें. पुढें अनेकांनीं तिला ‘ॲक्झोप्रुनम’ या प्रजातींत घातलें. नांव बदललें, थरांतील रेघ हलली नाहीं. नांव आपलें, पण त्याची कसोटी आपल्या हातची नव्हे.

म्हणूनच नांव देणें ही एक साक्ष आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं कांटा मोडलेलें, अर्धें फुटलेलें कवच येतें. सोयीचें नांव दिलें तर नकाशा पुरा होतो, आणि तीच कांचपट्टी पुन्हां कोण तपासणार? पण त्या एका नांवावर थराचें वय ठरतें आणि त्या वयावर दुसऱ्याचा सिद्धान्त उभा राहतो. यास्तव प्रामाणिक अभ्यासक प्रजाति लिहून जातीची जागा मोकळी ठेवतो, किंवा नांवामागें ‘सदृश’ अशी खूण करतो. संशयाला शास्त्रानें दिलेली ही मानाची जागा आहे.

आपल्या भाषेंत कवचाला आणि मनुष्याला एकच शब्द लागतो, जाति. कवचाच्या जातीची ग्वाही समुद्रतळ देतो. मनुष्याच्या जातीची ग्वाही मनुष्याच्या रूढीवांचून कोणी देत नाहीं. तरीही मृत कवचापुढें आपण थबकतों, आणि जिवंत मनुष्याचें आडनांव कानीं पडतांच त्याची पारख उरकतों. कवचाला चुकीच्या नांवाची व्यथा नसते. मनुष्याला तें जन्मभर वागवावें लागतें. ती मोकळी जागा खरी हवी होती ती येथें.