अशुचीचे स्थान

लडाखात, जिथे वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर पर्जन्य पडतो आणि हिमनद्यांच्या ओहोळांवरच सातूची शेते जगतात, तिथे कोरड्या शौचकूपात पाण्याऐवजी मातीची ओंजळ टाकून, खालच्या कोठडीत मुरलेले खत शेतात नेण्याची जी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात मला शुचितेचा मोठा गंभीर विचार दिसतो. झऱ्यांत ‘लू’ नावाच्या जलदेवता राहतात आणि पाणी विटाळले की त्या कोपतात, ही तेथील श्रद्धा. लेहमध्ये पर्यटकांबरोबर पाण्याचे संडास आणि शोषखड्डे वाढले, तेव्हा मैला भूजलात झिरपू लागला. आणि मैला पचविणारे सूक्ष्मजीव कडाक्याच्या थंडीत मंदावत असल्याने शुद्धीकरणही तेथे दुष्कर.

मग अशुचिता वस्तूत असते की तिच्या स्थानात? जे झऱ्यात विष, तेच नीट मुरले की शेतात अन्न होते, हे पाहता माझा कौल स्थानाकडे आहे. आपल्याकडे, मळ नजरेआड झाला म्हणजे संपला असे मानून, तो उचलणाऱ्या माणसालाच अस्पृश्य ठरविले गेले. धर्मशास्त्राचा एवढा अभ्यास करणाऱ्या समाजाला हा अधर्म दिसू नये, याचे दुःख मला आजही आवरत नाही.