परमुलखातील सेवा

गेल्या एकादशीला भजन आटोपून मंडळी टाळ आवरीत होती, तेव्हा एक प्रश्न निघाला. आमच्यातील एका माळकऱ्याची मुलगी परिचारिका आहे. एका मंडळाबरोबर तीन आठवडे परदेशातील खेड्याच्या दवाखान्यात सेवेला जायचे तिने ठरविले आहे. एक वृद्ध बाबा म्हणाले, "अहो, आपल्या गावचा रोगी तसाच पडलाय, अन् ही चालली परमुलखाला! ह्याला सेवा म्हणायचं की हौस?" कोणी हसले. मुलीचा बाप खाली मान घालून बसला. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून हा विचार.

ज्या सोलापूर जिल्ह्यात आपले पंढरपूर, त्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० चा. जपानी आक्रमणाने चीन होरपळत असता तिकडून मदतीची मागणी आली, आणि १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात कोटणीस होते. तेव्हा आपल्या देशात रोगी नव्हते काय? पुष्कळ होते. तरी ते गेले. सोबती पुढे परतले, हे राहिले. घरून वडील गेल्याची वार्ता आली, तरी राहिले. तिकडची भाषा शिकले, डोंगराळ मुलखात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील तरुणांना वैद्यक शिकविले, तेथेच संसार मांडला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तान्हे मूल मागे ठेवून त्यांनी त्याच मातीत देह ठेवला.

पालखीच्या वाटेवर आपल्या पायाला फोड आले की मलमपट्टी करणारा आपले गाव विचारीत नाही. देव सर्वांभूती आहे म्हणावे आणि वेशीपाशी थांबावे, हे कसे जमायचे? तेव्हा दूर जाणे हा दोष नव्हे.

पण बाबांचा प्रश्न एवढ्याने मिटत नाही. कोटणीसांचे नाव घेऊन प्रत्येक प्रवासाला सेवा म्हणता येणार नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तिकडच्या लोकांनी बोलावले आहे काय? न मागता केलेला उपकार पुष्कळदा घरधन्यालाच जड होतो. दुसरी, जे काम घरी करायची आपल्याला मुभा नाही, ते तिकडे करायचे नाही. गरिबाचा देह म्हणजे हात बसविण्याची पाटी नव्हे. तिसरी, आपण परतल्यावर मागे काय उरते? रक्तदाबाच्या रोग्याला तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या आठवड्यात त्याने काय करावे? तिथल्या परिचारिकेच्या हाताखाली राबले, तिला हवे ते शिकविले, तिच्याकडून शिकले, तर थोडे दिवसही सत्कारणी लागतात.

हे आपल्याला कळायला अवघड नाही. एकदा पंढरी पाहून आला तो यात्रेकरू. नेमाने जातो तो वारकरी. सेवेचेही तसेच. त्याच गावी पुन्हा जाणे, मधल्या काळात त्याची खबर ठेवणे, ह्याने सेवेला वारीचे रूप येते. नुसती छायाचित्रे घेऊन परतले तर ती यात्रा झाली. वाईट नाही, पण तिला सेवा म्हणू नये.

आणि बाबांना एक विचारावेसे वाटते. गावचा रोगी पडून आहे हे खरे. पण तो काय त्या एकट्या पोरीचाच? भजनाच्या ओट्यापासून चार घरांवर एक म्हातारी वर्षभर अंथरुणाला खिळून आहे. तिच्याकडे आपल्यातले किती जण गेलो? मीही गेलो नव्हतो. हा लेख लिहायला बसण्यापूर्वी जाऊन आलो. ती म्हणाली, "माउली, बसा घटकाभर." औषध तिने मागितले नाही.

मुलीने वरील तीन गोष्टी मंडळाला विचाराव्यात आणि उत्तर ठीक आले तर खुशाल जावे. तिच्या बापाने मान वर करावी. ती येईपर्यंत गावचे रोगी आपण वाटून घेऊ.

रामकृष्णहरि.